भाडेकरू उंच गोडाऊनमध्ये निघाला, आम्ही काय करावं?

भिवंडी तालुक्यातल्या एका भगिनीचं लांबलचक पत्र आलंय. नावगाव देत नाही, थोडक्यात सांगते.

सासऱ्यांनी १९९८ मध्ये भातशेतीच्या ३२ गुंठ्यांवर भराव टाकून गोडाऊन बांधलं. जागा रस्त्याकडे १६० फूट, आत २१८ फूट. गोडाऊन १८,००० चौरस फूट, पत्र्याची उंची कडेला २० फूट. नवरा चार वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून हिशेब या बघतात. घर चालतं ते याच भाड्यावर: चौरस फुटाला १४ रुपये, म्हणजे महिन्याला २ लाख ५२ हजार. अकरा वर्षं टिकलेल्या भाडेकरूने, म्हणजे घरगुती उपकरणांच्या एका वितरकाने, तीन महिन्यांची नोटीस दिली आहे. तो पडघ्याच्या बाजूला बारा मीटर उंचीच्या नव्या वेअरहाऊसमध्ये चाललाय. धाकट्या दिरांचं म्हणणं, अडीच कोटींचं कर्ज काढून जुनं पाडू आणि तसंच उंच बांधू. एजंट २४ रुपये दर मिळवून देतो म्हणतोय. पुण्यातला इंजिनिअर मुलगा म्हणतो, पुढच्या काळात सगळं रोबो करतील, विकून मोकळी हो. सासरे म्हणतात, काही करू नका, केमिकलवाला दोन रुपये जास्त देऊन मागतोय, त्याला देऊन टाका. गोडाऊनवर गावातली नऊ माणसं हमाली करतात, त्यांची चिंता वेगळी. शेजारी चुलत सासऱ्यांची दोन एकरांवर तीन गोडाऊनं आहेत, पण सात वर्षं बोलणं नाही. शेवटी त्या विचारतात, “पाडू, विकू की केमिकलवाल्याला देऊ? तिन्हींतलं काहीच मनाला पटत नाही.”

ताई,

तिन्हींतलं काही मनाला पटत नसेल तर मनाचं ऐका, असं मी एरवी पटकन म्हणत नाही. या वेळी म्हणते. मी तीस वर्षं माल साठवण्याच्या आणि पोचवण्याच्या धंद्यात काढली, त्यातली बरीच भिवंडीच्या धुळीत, त्यामुळे तुमचं गोडाऊन न पाहता डोळ्यांपुढे आलं. बाहेर चहाची टपरी, दारात उलटा लागलेला ट्रक, आत पत्र्याच्या भोकातून पडणारे उन्हाचे कवडसे. खरं ना?

आधी एक प्रश्न. भाडेकरू जागा का सोडतोय, हे तुम्ही त्याला विचारलंय का? तुमच्या पत्रात चार माणसांची चार मतं आहेत, पण जो चाललाय त्याचं एकही वाक्य नाही. “उंच गोडाऊनमध्ये चाललाय” यावरून सगळ्यांनी ठरवलं की तुमची उंची कमी पडली. कदाचित पडलीही असेल. पण मी पाहिलेल्या सोडून जाणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची कारणं कागदावरची होती. वरच्या कंपनीच्या ऑडिटमध्ये बिनशेतीचा आदेश, भोगवटा प्रमाणपत्र आणि अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला मागितला गेला आणि मालकाकडे त्यातलं एकच निघालं. तुमच्या भागातल्या गावांसाठी एमएमआरडीए हे नियोजन प्राधिकरण आहे, आणि तिथली किती गोडाऊनं पूर्ण परवानगीने उभी आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. कागद नसलेली जागा चाळीस फूट उंच बांधली तरी मोठ्या कंपनीला चालत नाही. तिथल्या मालाचा विमा उतरवताना हेच प्रश्न येतात.

आता भाऊजींचा प्रस्ताव. रागावू नका, आपण फक्त टेप लावू. नव्या पद्धतीच्या गोडाऊनला धक्का लागतो, म्हणजे ट्रकच्या फाळक्याच्या उंचीचा डॉक. चाळीस फुटी कंटेनरचा ट्रेलर मुंडक्यासकट पंचावन्न फुटांच्या आसपास जातो. तो डॉकला सरळ उभा राहायचा, म्हणजे तेवढीच जागा पुढे वळायला हवी. एकूण ११० फूट धरा. मागे आणि दोन्ही बाजूंना अग्निशमन बंबासाठी वीस-वीस फूट सोडा. नियमाने थोडं कमीजास्त होईल, पण चित्र बदलत नाही. आत २१८ फुटांतून ११० आणि २० गेले, उरले ८८. रुंदीतल्या १६० मधून ४० गेले, उरले १२०. गुणाकार करा: १०,५६० चौरस फूट.

म्हणजे १८,००० पाडून साडेदहा हजार बांधायचं. भाडं जमिनीच्या चौरस फुटावर ठरतं, वरच्या हवेवर नाही. एजंटचा २४ रुपयांचा दर खरा मानला तरी महिन्याला २ लाख ५३ हजार. आज मिळतात त्यापेक्षा हजारभर जास्त! त्यातून हप्ता जायचा. इमारत लहान म्हणून कर्जही कमी, दीड कोटी धरलं, तरी दहा टक्क्यांनी पंधरा वर्षांचा हप्ता १ लाख ६१ हजारांच्या घरात येतो. हातात उरतात ९२ हजार, आणि बांधकाम चालू असताना एक रुपया भाडं नाही. भाऊजींची हौस वाईट नाही हो, त्यांनी फक्त प्लॉटवर ट्रेलर वळवून पाहिला नाही.

मग लोक एवढी उंच गोडाऊनं बांधतात ती का? तुमच्या निर्णयाला हे समजणं उपयोगी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मामंजींनी गोडाऊन बांधलं तेव्हा भिवंडीत माल यायचा त्याचं एक मोठं कारण जकात होतं. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात भरावी लागे. म्हणून माल हद्दीबाहेर, भिवंडीत उतरवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा. दुसरं कारण केंद्रीय विक्रीकर. दुसऱ्या राज्यात थेट विकलं तर तो लागायचा, म्हणून कंपन्या प्रत्येक राज्यात आपापलं छोटं गोडाऊन ठेवत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि दोन्ही कारणं एका रात्रीत संपली. मग दहा राज्यांत दहा लहान गोडाऊनं कशाला ठेवायची? दोन-तीन मोठी ठेवली तरी भागतं. भिवंडीचं नशीब असं की कर गेले तरी न्हावा शेवा बंदर, मुंबई-नाशिक महामार्ग आणि दोन कोटी गिऱ्हाइकांचा मुंबई-ठाणे पट्टा जागचे हलले नाहीत. त्यात जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. आमणे तर तुमच्याच तालुक्यात. त्यामुळे तुमची जागा चांगलीच आहे. तिथे गोडाऊन हवं याचं कारण तेवढं बदललं.

दुसरा बदल बाहेरून दिसत नाही. जुन्या गोडाऊनमध्ये कुठला माल कुठे आहे हे कोणाला माहीत असायचं? मेहताजींना, म्हणजे हिशेब ठेवणाऱ्या कारकुनाला. एका कंपनीच्या डेपोत मी काम करत होते. तिथले मेहताजी कावीळ होऊन तीन आठवडे घरी बसले, तर आम्हाला मिक्सरचे चाळीस खोके सापडेनात. खातेवहीत होते, गोडाऊनमध्ये नव्हते. मेहताजी परत आले आणि सरळ चालत जाऊन पंख्यांच्या थप्पीमागून त्यांनी ते काढून दिले. तेव्हा आम्ही हसलो. आज ती आठवण कॉम्प्युटरमध्ये असते. प्रत्येक कप्प्याला बारकोड, प्रत्येक खोक्याला बारकोड, आणि मोकळा दिसेल त्या कप्प्यात माल ठेवायचा. साबणाशेजारी इस्त्री, इस्त्रीशेजारी पुस्तकं. माणसाला हा गोंधळ वाटतो, पण मशीनला खोका नेमका कुठे आहे ते ठाऊक असतं. एकदा ही सोय झाली की “इथे पंखे, तिथे मिक्सर” असे गाळे पाडावे लागत नाहीत. मधले खांब आणि भिंती नकोशा होतात, आणि माल वर रचता येतो, कारण वरचा खोका कोणाला आठवायचा नसतो.

आणि वर रचायचं म्हटलं की सगळा भार फरशीवर येतो. लोक उंचीबद्दल बोलतात, पण नव्या वेअरहाऊसमध्ये खरा पैसा फरशीत असतो. हिशेब बघा. एक टनाचे पॅलेट (माल रचलेल्या लाकडी चौकटी) पाच थर, दर कप्प्यात दोन; रॅकच्या मधल्या उभ्या चौकटीवर दहा टन येतात, म्हणजे प्रत्येक पायावर पाच टन. आणि तो पाय बसतो तळहाताएवढ्या पट्टीवर. पोत्यांच्या थप्पीचा भार पसरतो, रॅकचा टोचतो. शिवाय दहा मीटरवर माल चढवणाऱ्या गाडीची चाकं दीड मीटर अंतरावर असतात. त्या अंतरात फरशी तीन मिलिमीटर जरी कलली, तरी वर मालाचं टोक वीस मिलिमीटर झुकतं. तुमची फरशी १९९८ च्या भातखाचराच्या भरावावर आहे, ताई. पावसाळ्यानंतर कोपऱ्यात पाणी साचत असेल तर भराव बसतोय, हे ओळखा. तिथे कोणी रॅक लावायला आला तर आधी फरशी तपासून घ्या.

आता तुमच्या चिरंजीवांचा रोबो. मुलगा अगदीच चुकीचं बोलत नाही. २०१२ साली ॲमेझॉनने किव्हा सिस्टिम्स नावाची कंपनी ७७.५ कोटी डॉलरला घेतली. तिचे बुटके रोबो कपाटाखाली शिरतात, कपाट उचलतात आणि उभ्या माणसासमोर आणून ठेवतात. ॲमेझॉनने २०२५ मध्ये आपल्या रोबोंची संख्या दहा लाखांवर गेल्याचं जाहीर केलं. आपल्याकडेही नोएडाची ॲडव्हर्ब असे रोबो बनवते. २०२२ मध्ये रिलायन्सने तिच्यात मोठा हिस्सा घेतला. पण इथे एक गंमत आहे, मुलाला सांगा. या बुटक्या रोबोला चाळीस फूट उंची नकोच असते. त्याला हवी सपाट, धूळ न उडणारी फरशी, न जाणारी वीज आणि न तुटणारं इंटरनेट. वीस फुटी गोडाऊनमध्येही तो फिरेल. म्हणजे तंत्रज्ञान आलं की जुनी इमारत आपोआप निकामी होते, हे गृहीतकच तपासण्यासारखं आहे. तुमच्या भाडेकरूसारख्या वितरकाकडे फ्रीज, वॉशिंग मशीन असा जड आणि मोठा माल असतो. रोबोचा खर्च तिथे वसूल होतो जिथे रोज हजारो छोट्या ऑर्डरी, एकेक नग उचलून भरायच्या असतात. फ्रीजला अजून बराच काळ माणूसच हात लावील, असं मला वाटतं.

नवं म्हणजे सुरक्षित, हेही धरून चालू नका. इंग्लंडमध्ये अँडोव्हर इथलं ओकाडो या ऑनलाइन किराणा कंपनीचं रोबो-गोडाऊन फेब्रुवारी २०१९ मध्ये आगीत गेलं. २०२१ मध्ये त्याच कंपनीच्या एरिथ इथल्या गोडाऊनमध्ये रोबो एकमेकांवर आदळून पुन्हा आग लागली. आणि त्यांच्याकडे आगीचा बंदोबस्त नव्हता असं थोडंच आहे!

त्यावरून मामंजींच्या केमिकलवाल्याकडे येते. इथे मी सल्ला देत नाही, हात जोडते. नको. थिनर, परफ्यूम, रबर, भंगार प्लास्टिक, बॅटऱ्या असलं काही वीस फुटी पत्र्याखाली, आग लागली की आपोआप पाणी फवारणारे स्प्रिंकलर नसताना, ठेवू नका. भिवंडीत गोडाऊनला आग लागल्याची बातमी आली की तुम्ही बाहेर येऊन धूर कुठल्या दिशेला आहे ते बघताच ना? केमिकलवाला दोन रुपये जास्त का देतोय, याचं उत्तर त्या धुरात आहे. दुर्घटना झाली तर पहिली नोटीस मालकाच्या नावावर येते. पुढचा कोणीही भाडेकरू आला तरी करारात कुठला माल ठेवायचा आणि कुठला नाही हे नावानिशी लिहा, आणि महिन्यातून एकदा आत जाऊन बघण्याचा हक्क ठेवा. मामंजींना “नाही” म्हणणं अवघड जाईल. त्यांना म्हणा, तुम्ही उभं केलेलं आहे, ते जळताना बघायचं नाहीये.

मग काय करता येईल? वीस फुटांच्या गोडाऊनला आजही गिऱ्हाईक आहे. ऑनलाइन विकलेला बराच माल परत येतो. तो उघडायचा, तपासायचा, पुन्हा पॅक करायचा, हे काम जमिनीवर टेबलं मांडून होतं, त्याला उंची नको. दुकानांना माल देणारे स्थानिक वितरक, सुटे भाग, कागदाची रिळं, मंडप-कार्यक्रमाचं सामान, दुरुस्ती केंद्रं, आणि कल्याण-ठाण्यातल्या दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या छोट्या गोडाऊनना रोज पहाटे माल पुरवणारे, हे सगळे तुमच्या मापात बसतात. त्यांना काय लागतं? न गळणारं छप्पर, भेगा बुजवून घासलेली आणि धूळ न उडणारी फरशी, दारावर पावसात माल उतरवता येईल एवढी पुढे आलेली पडवी, छपरात उजेडाचे पारदर्शक पत्रे, पुरेसा वीजभार, फायबरचं कनेक्शन, हायड्रंट आणि पाण्याची टाकी. आणि बायकांसाठी स्वच्छतागृह, हे मी मुद्दाम लिहिते. पॅकिंगच्या कामाला बायका मोठ्या संख्येने येतात आणि निम्म्या जुन्या गोडाऊनमध्ये त्यांची सोय नसते. जागा बघायला आलेली कंपनी ते बघते. हे सगळं करायला अडीच कोटी लागत नाहीत. पण छताचा सांगाडा आणि फरशी आधी एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, एजंटला नव्हे. आणि एकाच भाडेकरूच्या भरवशावर पुन्हा अकरा वर्षं राहू नका. मधे भिंत घालून दोन भाग करता आले तर एक गेला तरी चूल पेटती राहते.

विकण्याबद्दल एवढंच म्हणेन, की नोटिसीच्या तीन महिन्यांत विकू नका. घाईतल्या बाईची जमीन कशी घ्यायची हे तालुक्यातल्या प्रत्येक एजंटला येतं. समृद्धीची गोष्ट सांगून ते तुम्हाला एकीकडे भाव चढेल म्हणतील आणि दुसरीकडे आजच सही करा म्हणतील. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल, हे त्यांनाच विचारा.

नऊ माणसांचं काय? त्यांना आधी विचारा, माथाडी मंडळात नाव आहे का. १९६९ च्या माथाडी कायद्याने नोंद असलेल्या हमालाची लेव्ही, म्हणजे मजुरीवरची ठरावीक जादा रक्कम, मालवाला भरतो, आणि त्यातून भविष्य निर्वाह निधीसारखे हक्क मिळतात. नोंद नसेल तर वाराईचे, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचे, रोख पैसे मिळतात आणि पाठ दुखायला लागली की काही मिळत नाही. तरुण असतील त्यांनी फोर्कलिफ्ट चालवायचं रीतसर प्रशिक्षण आणि परवाना घ्यावा. पडघ्याच्या त्या उंच गोडाऊनमध्ये पाठीवर ओझं वाहणारा लागत नाही, पण दहा मीटरवर पॅलेट अलगद ठेवणारा हात लागतो आणि तो सहज मिळत नाही. पन्नाशीच्या पुढच्यांना मशीनवर जा म्हणणं मला जमत नाही. त्यांच्यासाठी नवा भाडेकरू घेताना “लोडिंगला ही माणसं” असा शब्द टाका. कायद्याने बंधन नाही, पण आपल्याकडे असा शब्द बऱ्याचदा पाळला जातो.

भाऊजींनाही मोडीत काढू नका. उंच गोडाऊनचं त्यांचं गणित चुकलं ते ३२ गुंठ्यांपुरतं. शेजारचे ८० गुंठे धरले तर ११२ होतात, पावणेतीन एकरांच्या वर. तिथे ट्रेलर वळतो, बंब फिरतो आणि चांगली मोठी इमारतही उभी राहते. एवढ्या तुकड्यासाठी मग कर्जही तुम्ही काढायची गरज नाही; बांधणाराच येतो, जमीन भाडेपट्ट्याने घेतो, मालकी तुमचीच राहते. पण त्यात मधलं कुंपण काढावं लागतं, आणि सात वर्षांचं भांडण कशावरून आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. बांधावरून असेल, असा माझा अंदाज.

या आठवड्यात दोन कामं करा. भाडेकरूला चहाला बोलवा आणि “आमच्याकडे काय कमी पडलं, खरं सांगा” असं विचारा. जाणारा माणूस खरं बोलतो. आणि चुलत सासऱ्यांकडे जा. जमिनीचा विषय काढू नका. त्यांच्याकडचे भाडेकरू टिकलेत का, आणि त्यांच्या दारात चाळीस फुटी ट्रेलर कसा वळतो, एवढंच विचारा.